तांबटबाईंच्या नावावरची पानं

"कंस सुरू, तीन छेद चार, अधिक, पाच छेद आठ, कंस बंद, गुणिले सोळा, बरोबर, रिकामी जागा, पूर्णविराम. पान संपलं."

"जुळलं," मी म्हणाले.

तेव्हा कुठे तांबटकाकूंनी पान उलटलं, लाकडी पट्टी नव्या पानाच्या पहिल्या ओळीखाली ठेवली आणि तोंडातली खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. मी 'जुळलं' म्हटल्याशिवाय त्या कधीच पान उलटत नसत. मला शिंक आली तर थांबायच्या, फोन आला तर थांबायच्या. एकदा दुपारी माझा डोळा लागला, तर पट्टी धरून दहा मिनिटं तशाच बसून राहिल्या. मी दचकून जागी झाले तेव्हा म्हणाल्या, "पान संपलंय गं. केव्हाचं."

सांगलीतल्या मगदूम प्रकाशनात आम्ही दोघी मुद्रितं तपासायचो. पाचवी ते दहावीची गाइडं. लेखकाच्या हातची मूळ प्रत काकूंच्या पुढ्यात, छपाईसाठी तयार झालेली पानं माझ्या पुढ्यात. त्या विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायच्या आणि मी माझ्या पानावर बोट फिरवत चुकांवर खुणा करायची. गणिताच्या गाइडाला दुसरा इलाज नसतो. शब्द चुकला तर डोळ्याला खटकतो, पण तीनाच्या जागी आठ पडला तर तो आठही अगदी शहाण्यासारखा उभा असतो. काकू हे काम एकतीस वर्षं करत होत्या. माझं चौथं वर्ष होतं आणि मला कामापेक्षा कामाची साधनं जास्त आवडायची.

हे आधीच कबूल करून टाकते. मला त्या वेळी ऑनलाइन साधनांचं वेड होतं. पाणी प्यायची आठवण करणारं एक, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं आराम असं घड्याळ लावणारं एक, डोक्यात आलेला विचार पळून जाऊ नये म्हणून टिपून ठेवणारं एक. विचार फारसे येत नसत, पण टिपायची सोय चोख होती. घरी भाजीची यादीसुद्धा मी फोनवर सगळ्यांसाठी उघडी केली होती. आईनं त्यात एकदाही डोकावून पाहिलं नाही. ती आपली बाजारात जाऊन समोर दिसेल ती भाजी आणायची, आणि मी घरी आल्यावर फोनमधल्या मेथीवर 'झालं' अशी खूण करायची.

त्या वर्षी जानेवारीत मगदूमांचा मुलगा सन्मती पुण्याहून परत आला आणि त्यानं ऑफिसचा कारभार हातात घेतला. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना अहो-जाहो करायचा, स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळायचा. पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं, "कुठलं पान कुठवर आलंय, हे मला कुणाला न विचारता कळेल का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी हात वर केला.

दोन दिवसांत मी ऑनलाइन बोर्ड उभा केला. प्रत्येक पानाचं एक कार्ड. तीन रकाने: 'तपासायचं', 'तपासणी चालू', 'झालं'. पान झालं की कार्ड ओढून शेवटच्या रकान्यात टाकायचं, की कार्डावर ओढणाऱ्याचं नाव आपोआप लागायचं. काकूंसाठी मी सगळं मराठीत करून घेतलं आणि त्यांचं खातंही उघडलं. बोर्डाच्या माथ्यावर तीन गोल आले. एक माझा, एक काकूंचा, एक नुसतं बघायला येणाऱ्या सन्मतीसरांचा. काकूंच्या गोलात नुसतं 'शतां' होतं. शकुंतला तांबट.

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून पडदा निरखला. "'आपली कार्ये प्रलंबित आहेत,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कार्य म्हटलं की मला जिलेबी आठवते. कुठलं मराठी हे?"

"मशीननं केलेलं आहे, काकू."

"मग मशीनलाच वाचू दे. मी आपली माझी प्रत वाचते."

तसंच ठरलं. त्या वाचायच्या, 'पान संपलं' म्हणायच्या, मी 'जुळलं' म्हणायची आणि माउसनं कार्ड ओढायची. शिवाय मी आणखी दोन सोयी करून ठेवल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना. एक म्हणजे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला कुणी किती पानं केली याचा अहवाल सन्मतीसरांना आपोआप जायचा. आणि दुसरी म्हणजे, बोर्डावर काहीही हललं की त्यांच्या फोनवर सूचना जायची. म्हटलं, बघू देत आपण किती राबतो ते.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सव्वादहाला त्यांनी मला आत बोलावलं.

"सुमेधाताई, तुम्ही एकट्या तीनशे बारा पानं करता महिन्याला?"

मला काय, गुदगुल्याच झाल्या. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सुमेधा कोरे, तीनशे बारा. शकुंतला तांबट, शून्य.

"सर, ते आम्ही दोघी करतो. काकू वाचतात, मी खुणा करते."

"मग दोघींची नावं लावा की."

"फुकटच्या योजनेत एका कार्डाला एकच नाव लागतं."

ते हसले, पण ते हसणं लवकर संपलं. "हे बघा, एप्रिलपासून आपण विश्रामबागेत दोन खोल्यांत जातोय. आठ टेबलं बसतील. आज आपण अकरा जण आहोत. वाचायला माणूसच लागतो का, हा प्रश्न मला पडलाय." त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, गाइडाच्या एका पानाचा फोटो काढला आणि कुठलं तरी बटण दाबलं. फोनमधली बाई घडाघडा वाचायला लागली. तीन छेद चार आलं तिथे ती म्हणाली, "तीन एप्रिल."

मी फिदीफिदी हसले.

"आज चुकतंय," सन्मतीसर म्हणाले. "दर महिन्याला सुधारतंय पण. तांबटबाईंचं काम बोर्डावर दिसू दे मला. पुढच्या महिन्यात, म्हणजे मार्चच्या पहिल्या सोमवारी, अहवाल आला की बघू."

"सर, पण त्या खरंच—"

"बघू म्हणालो ना. नाही म्हणालो नाही."

हे काकूंना सांगायचं कसं, या विचारात मी पाणी पिऊन आले. पाणी प्यायची आठवण फोननं केली नव्हती, तरी. मग जे होतं ते सांगून टाकलं. काकूंनी पट्टी खाली ठेवली. एरवी मधेच पट्टी खाली ठेवायची नाही, असा त्यांचाच नियम होता.

"अभय वाटच बघतोय," त्या म्हणाल्या. अभय हा त्यांचा मुलगा, हैदराबादला असायचा. "दर गुरुवारी फोन करतो. आई, नोकरी आहे तोवर तुझं ऐकतो, नोकरी सुटली की गावभागातल्या खोल्या सोडायच्या आणि इकडं यायचं. मी कबूल करून बसलीय गं. मला वाटलं, मी काय सत्तरीपर्यंत वाचणार."

"हैदराबाद चांगलं आहे म्हणतात."

"असेल की. बाराव्या मजल्यावर राहतो. तो आणि सून सकाळी आठला जातात, रात्री आठला येतात. शेजारी तेलुगू. मी दिवसभर बोलू कुणाशी? भिंतीला वाचून दाखवू?" मग त्यांनी पट्टी पुन्हा उचलली. "चल. पान चौऱ्याऐंशी, नवा परिच्छेद."

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा आवाज नीट ऐकू आला. एरवी तो कानावर पडत असतोच, पंख्याच्या आवाजासारखा. काकूंच्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा बारावीनंतर बाहेर पडला तो पडलाच. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या जे बोलायच्या, ते म्हणजे आमची गाइडं. बाकीचा दिवस गप्पच.

मी इलाज काढला. कार्डं काकूंनीच ओढायची. त्या तयार झाल्या. माझं मन राखायला, स्वतःच्या मनानं नव्हे. आता चित्र असं झालं: काकू पान वाचणार, पट्टी ठेवणार, चष्मा बदलणार, माउस शोधणार, कार्ड शोधणार, कार्डावरचा मजकूरही सवयीनं मोठ्यानं वाचणार आणि मग ओढायला गेलं की कार्ड मधेच सुटून भलत्याच रकान्यात पडणार आणि शेवटी ते मलाच ओढावं लागणार. "हा उंदीर माझ्या हातात ठरत नाही," म्हणायच्या. परत चष्मा बदलून प्रतीकडे यायच्या तोवर ओळ हरवलेली असायची. दिवसाला पंधरा पानं व्हायची ती आठवर आली. चौथ्या दिवशी त्यांनी एक अख्खी ओळ गाळली. माझ्या पानावर ओळ होती, त्यांच्या वाचण्यात नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, असं त्या म्हणाल्या. खरं असणार.

त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. "घे बाई तुझा उंदीर. दोन कामं एकदम करायला गेले की दोन्ही नासतात माझी."

"मग मी रोज निम्मी कार्डं तुमच्या नावावर टाकते."

"नको."

"त्यात खोटं काय आहे काकू? निम्मं काम तुमचंच आहे."

"कार्डावर काय लिहिलंय? ओढणाऱ्याचं नाव. मी ओढलं नाही. मग माझं नाव कशाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपण चुका शोधायला बसतो गं इथं. घालायला नाही."

मी तेव्हा गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं, हे पुढे येईलच.

फेब्रुवारी संपत आला. शुक्रवारी काकूंनी डब्यातली शेंगाची पोळी मला अर्धी दिली आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "कृष्णेला पाणी कमी आहे यंदा. काल घाटावर जाऊन बसले होते. तिथं कुठली आलीय नदी?" हैदराबादला नदी आहे असं मला शाळेत शिकवलेलं आठवत होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं झाली, आई आडवी झाली आणि मी लॅपटॉप उघडला. एक कार्ड उघडायचं, माझं नाव पुसायचं, काकूंचं टाकायचं, बंद करायचं. पुढचं उघडायचं. मी एकशे एकोणसाठ कार्डं केली. त्या महिन्यात तीनशे अठरा पानं झाली होती, त्याच्या बरोबर निम्मी. अगदी न्यायानं केलं. दोन तास लागले. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं आराम असं घड्याळही लावलं होतं, आरामात एकदा चहा केला. शेवटचं कार्ड झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. काकू नको म्हणाल्या होत्या, पण त्यांना कळणारच नव्हतं. अहवाल सन्मतीसरांना जाणार, त्यात आकडा येणार, काकू सांगलीत राहणार. मी जिलेबी आणायची की पेढे, हेसुद्धा ठरवून ठेवलं.

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी दोघींनाही आत बोलावणं आलं. मी हसत गेले. खरंच, हसत गेले.

सन्मतीसर हसत नव्हते. ते मला नाही, काकूंना उद्देशून बोलायला लागले.

"बाई, काल आमच्या पाहुण्यांच्यात लग्न होतं. मी अक्षता हातात घेऊन उभा होतो आणि खिशात फोन थरथरायला लागला. मला वाटलं, बाबांना काही झालं की काय. बाहेर येऊन बघतो तर हे." त्यांनी फोन पुढे केला. काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सवयीनं वाचलं.

"'सुमेधा कोरे यांनी पान एकचे कार्य शकुंतला तांबट यांस सोपवले, दोन वाजून चौदा मिनिटे. सुमेधा कोरे यांनी पान दोनचे कार्य शकुंतला तांबट यांस सोपवले, दोन वाजून पंधरा मिनिटे. सुमेधा कोरे यांनी—'"

"असू दे बाई. असे एकशे एकोणसाठ आहेत."

ती सूचनेची सोय मीच केली होती, जानेवारीत, आपण किती राबतो ते दिसावं म्हणून. केली आणि विसरून गेले. माझ्या हौसेच्या इतक्या गोष्टी एकाच वेळी चालू असायच्या की त्यातली कुठली कुणाला काय कळवते, हे मलाच ठाऊक नसायचं.

"मी बघू म्हणालो होतो," सन्मतीसर म्हणाले. त्यांना राग आला होता त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं, आणि ते रागापेक्षा अवघड होतं. "नाही म्हणालो नव्हतो. लहानपणी मी इथं टेबलाखाली बसून बाईंचं वाचणं ऐकायचो. पाढे मला त्यानंच पाठ झाले. बाबांनाही मी परवा म्हटलं होतं, बाईंचं काही तरी बघू. आणि तुम्ही आकडे फिरवता? गाइडांचा धंदा आपला. आकड्यावर पोरांचे मार्क जातात." ते थांबले. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"माझ्या," काकू म्हणाल्या.

सन्मतीसरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"मी मागं लागले तिच्या. पोरगी नको म्हणत होती. मला सांगली सुटंना, म्हणून म्हटलं, कर बाई काहीतरी. तिचा काही दोष नाही."

बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या समोरच्या फोनकडे बघत होत्या आणि अगदी प्रत वाचल्यासारखं सरळ वाचून दाखवत होत्या. मी खुर्चीच्या हातावरचं सोललेलं रेक्झिन बघत राहिले. 'नाही सर, मी केलं, काकूंना माहीतसुद्धा नव्हतं,' एवढं एक वाक्य होतं. माझे तोंडपाठ झालेले शब्द होते ते. मी बोलले नाही. का बोलले नाही याची मी पुढे पुष्कळ कारणं जमवली, पण त्यातलं एकच खरं आहे. मला माझी नोकरी हवी होती.

"या महिन्याअखेरपर्यंत या तुम्ही," सन्मतीसर काकूंना म्हणाले. "निरोपाचं आपण नीट करू, त्यात काही कमी पडणार नाही. पण बोर्डावर हे नको मला. सुमेधाताई, ही पानं आजच ज्याची त्याच्या नावावर करा. बाईंचं खातंही काढून टाका."

आम्ही बाहेर आलो आणि आपापल्या खुर्च्यांवर बसलो. काकू माझ्या डाव्या हाताला, नेहमीसारख्या. त्यांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं. पाणी प्रतीवर सांडू नये म्हणून त्यांनी भांडं लांब धरलं.

"काकू, असं का सांगितलंत?"

"तुला अजून तीस वर्षं काम करायचंय. माझी किती राहिलीत?"

"मी आत जाते. सगळं सांगते सरांना."

काकूंनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून बसल्या. "सांगतीस? सांग की. जा," त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच म्हणत होत्या. त्यांच्या डोळ्यांत आलेलं मी पाहिलं, आशा म्हणतात ते. सन्मतीसरांचं दार आठ पावलांवर होतं आणि ते लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती.

मी उठले नाही. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या पुन्हा प्रतीकडे वळल्या.

पुढचं आता इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ते मधे यायला नको. काकू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादला गेल्या. आम्ही विश्रामबागेत गेलो. फोनमधली बाई महिन्याभरात छेद वाचायला शिकली. जूनमध्ये गाइडं बाजारात आली, आणि खोटं कशाला सांगू, त्यांत एकही चूक निघाली नाही. मी त्या नोकरीत आणखी दोन वर्षं काढली. या सगळ्याला आता सात वर्षं झाली. काकूंना मी दोनदा फोन केला. त्या चांगल्या बोलल्या, पण थोडंच. दुसऱ्या वेळी अभय मधेच फोन घेऊन म्हणाला, "आईला आता फारशी बोलायची सवय राहिली नाही." त्यानंतर मी केला नाही. आणि ती पाणी प्यायची, घड्याळाची, टिपणांची सगळी साधनं अजून माझ्या फोनमध्ये आहेत. त्यांचा काही दोष नव्हता.

तर त्या सोमवारी, साडेअकराच्या सुमाराला, मी बोर्ड उघडला. काकूंच्या नावाच्या गोलावर गेले. समोर एक चौकट उघडली आणि माझे डोळे भरून आले, मला काही दिसेना. मी पडद्याकडे नुसती बघत राहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"दिसत नाहीये मला."

"सरक जरा." काकूंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला, लाकडी पट्टी उचलली आणि ती चक्क पडद्यावर, पहिल्या ओळीखाली धरली. "मी वाचते. तू कर."

"काकू, नको."

"'आपण या सदस्यास खात्रीने हटवू इच्छिता', प्रश्नचिन्ह." पट्टी खाली सरकली. "नवा परिच्छेद. 'या सदस्याच्या नावे एकशे एकोणसाठ कार्ये आहेत', पूर्णविराम. 'ती कोणास सोपवावीत', प्रश्नचिन्ह. खाली चौकट. चौकटीत एकच नाव. सुमेधा कोरे."

मी चौकटीवर टिचकी मारली.

"'ही क्रिया पूर्ववत करता येणार नाही', पूर्णविराम. खाली दोन बटणं. डावीकडं 'रद्द करा'. उजवीकडं 'हटवा'."

त्यांचा आवाज कुठेही हलला नाही. गणिताचं गाइड वाचताना असायचा तसाच होता, ना वर ना खाली. मी उजवीकडचं बटण दाबलं. बोर्डाच्या माथ्यावरच्या तीन गोलांतला मधला गेला आणि उरलेले दोन एकमेकांजवळ सरकले.

"पान संपलं," काकू म्हणाल्या.

पट्टी पडद्यावर तशीच होती. शिपाई चहाचे दोन कप ठेवून गेला. आत सन्मतीसरांचा फोन एकदा थरथरला आणि थांबला. चहावर साय धरली तरी काकूंनी पट्टी हलवली नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नुसत्या वाट बघत होत्या, डुलकीच्या दिवशी बघितली होती तशी.

"संपलंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "केव्हाचं."

"जुळलं," मी म्हणाले.

मग काकूंनी पट्टी खाली ठेवली आणि चहा घेतला.